दिव्यांगांच्या निवासघरासाठी बिनपगारी विश्वस्त कुठून मिळतील?

पुण्यातल्या तुमच्या ट्रस्टला बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या माफक दरातल्या निवासघरासाठी तीन विश्वस्त हवे आहेत, तर जाहिरात न देता नुकते निवृत्त झालेले बँक मॅनेजर, सिव्हिल इंजिनिअर आणि हॉस्पिटलमधल्या सिस्टर यांना घरी जाऊन विचारा. अशाच एका संस्थेची मी सात वर्षं चिटणीस आहे. आमच्याकडे टिकलेली माणसं याच वाटेने आली. नुसत्या मोठ्या नावांची मंडळी दोन बैठकांनंतर आली नाहीत.

होकार घेण्याआधी त्यांना एक संध्याकाळ निवासात बोलवाच. बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर वळत नाही, रोज दोन ताई मिळून एकाला उचलून आत नेतात, हे पाहिल्यावर आमच्या इंजिनिअर काकांनी तिथेच टेप मागवली होती. महिन्याला एक बैठक, मानधन नाही, प्रवासखर्च मिळेल, हे पहिल्याच भेटीत सांगा.

आधी ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तऐवजात, विश्वस्तांची संख्या आणि मुदत बघा. मग:
- नेमणुकीचा ठराव
- नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र
- धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची लेखी माहिती (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम २२)

विश्वस्त मंडळावर पालक हवेतच, त्यांच्याइतकी कळकळ दुसऱ्या कुणाला नसते. पण ज्यांचं मूल तिथे राहतं त्यांनी फी आणि प्रवेशाच्या निर्णयाच्या वेळी बाहेर बसावं, आणि तसं इतिवृत्तात लिहावं.