आधी दाखले, मग व्याख्यान

चि.,
अनेक आशीर्वाद.

तांड्यावरच्या बारावीच्या पोरांसाठी मार्गदर्शन शिबिर घ्यायचं म्हणतेस आणि पाहुणा कोण बोलवावा असं विचारतेस. कुणालाच बोलवू नकोस. 'मोठी स्वप्नं बघा' हे त्यांनी दहावीपासून ऐकलंय. त्यातल्या बऱ्याच जणांना गुणही बरे पडतात. अडतात ती दाखले काढायच्या सेतू केंद्राच्या खिडकीवर. माझं ऐकशील तर सध्या फक्त कागदांचं काम हाती घे.

तेही बारावीला नाही, अकरावीला. निकालानंतर धावपळ करणाऱ्याला उशीर झालेलाच असतो. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागा हवी तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता लागते, म्हणजे तो दाखला पडताळणी समितीनं तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र. आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींना त्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत, त्यांनी शाळेचा उतारा आणायचा कुठून? नियम करणाऱ्याच्या घरी कपाटभर कागद असावेत, असं मला नेहमी वाटतं. पण नियम आहे तोवर शोधावं लागेल. आजोबांचा नाही सापडला तर चुलत आजोबांचा, आत्याचा बघ. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर, तहसिलातलं जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींचं कोतवाल बुक, जमीन असेल तर जुना फेरफार, सगळं चाळ. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाला आधी वैधता मिळाली असेल तर निम्मी लढाई तिथंच जिंकली. तांड्यावर अशी कुणाकुणाकडे आहे याची वही कर, आणि म्हाताऱ्यांना विचारून घराघराची वंशावळ लिहून काढ. हे काम यंदाच कर, म्हातारी माणसं थांबत नाहीत. आणि कागद कमी आहेत म्हणून अर्जच करायचा नाही, असं कुणाला करू देऊ नकोस. समितीला दक्षता पथक पाठवून चौकशी करता येते.

दुसरी अडचण तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षेचे, अर्ज सुटतात तेव्हा आईबाप कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात, आणि पोरगं आजीजवळ. वडिलांच्या सहीची, प्रतिज्ञापत्राची सगळी कामं कोयता उचलायच्या आत उरकून घे. एका वर्षाचा उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो, तो मात्र नव्यानं काढावा लागतो. तोवर टोळ्या परतायला लागलेल्या असतात, तेवढं एक बरं.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज पोरांना स्वतःच्या हातानं भरू दे. नेट कॅफेवाला घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो, मग वर्षभर ओटीपी त्याच्याकडे जातो. शिष्यवृत्तीचे पैसेही आधारला शेवटी जोडलेल्या खात्यातच पडतात. ते खातं कोणतं हे घरात कुणालाच आठवत नसतं. आधी बँकेत जाऊन विचारायला लाव.

रोख पैशाची सोयही तुलाच बघावी लागेल. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. 17,500 रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. सर्वोच्च न्यायालयानं 30 सप्टेंबरला राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 मधला आपला विशेष अधिकार वापरून ती परत दिली. आपल्याकडचं पोरगं दिल्लीला कुठं जाणार? ते टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन फडात जाईल. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये असे शासनाचे आदेश आहेत, तरी काही ठिकाणी मागतात. तेव्हा भांडायला तू सोबत जा. पण भांडण मिटेपर्यंत जागा टिकायला हवी. त्यासाठी तांड्यावरच्या नोकरदारांकडून थोडी रक्कम आधीच जमवून ठेव.

महाराष्ट्राबाहेरचं एवढंच सांगतो की केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, सीयूईटी, मराठीतूनही देता येते. हैदराबादला जाणारं एखादं तरी निघेल.

राहायचं बघितलंस का? शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह 1901 मध्ये काढलं आणि संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांना राखायचा हुकूम 1902 मध्ये. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आज कॉलेजातली जागा आधी मिळते आणि वसतिगृहाची यादी वर्ग सुरू झाल्यावर लागते. त्या मधल्या दिवसांत पोरं परततात. नंबर नाही लागला तर अनुसूचित जातींना स्वाधार, आदिवासींना स्वयम्, ओबीसी-भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. त्यातून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, पण उशिरा येतात हे धरून चाल. पुण्यात, संभाजीनगरला आपली जी चार पोरं खोली करून राहतात, त्यांना आत्ताच सांगून ठेव की जूनमध्ये एकेक गादी वाढेल.

आणि पहिलं सत्र. इंग्रजीतलं डोक्यावरून गेलं की पोरगं आजाराचं निमित्त काढून दिवाळीला घरी येतं आणि परत जात नाही. कुणाकुणाचं परतीचं तिकीट काढलेलं नाही, ते भाऊबीजेच्या दिवशी घरोघर जाऊन बघ. ज्यानं काढलं नसेल त्याच्याशी निवांत बस, मला फोन लावून दे. इंग्रजीचं मी बघतो.

वही सुरू केलीस की घेऊन ये.

तुझा,
सर