मित्र माझा फ्लाय रॉड उसना मागतोय. द्यावा, की काहीतरी कारण सांगून टाळावं?

द्या. फक्त पहिल्या वेळी त्याच्याबरोबर तुम्हीही जा.

तुम्ही लिहिलंय की शहरात राहता, सुट्टीच्या दिवशी कालव्यावर फ्लाय फिशिंग करता, बरेच दिवस पैसे साठवून एकच चांगला रॉड घेतलाय: नऊ फुटी, पाच नंबरचा, चार तुकड्यांचा. ऑफिसातला मित्र येत्या रविवारी कार्प पकडायला तो मागतोय, आणि मोडला तर रॉडही जाईल आणि मित्रही, अशी धास्ती आहे. धास्ती खोटी नाही. माझ्या हातून मित्राचा रॉड मोडलाय. म्हणजे रॉड देणाऱ्याचं दुखणं तुम्ही मांडलंत, मोडणाऱ्याचं मी सांगतो.

आधी रॉडचं बोलू, ते सोपं आहे. कार्बनचा रॉड मासा ओढतो म्हणून सहसा मोडत नाही. तो गाडीच्या दारात सापडतो, घरात जोडून बघताना पंख्यात जातो, गवतात आडवा ठेवलेला असताना कुणाच्यातरी बुटाखाली येतो. किंवा जड माशी त्याच्यावर आपटते. (हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी: माशी म्हणजे फ्लाय, पिसं आणि दोरा गुंडाळून गळावर बांधलेला खोटा किडा किंवा खोटं पिल्लू.) क्लाउझर मिनोसारख्या माशीच्या डोक्यावर धातूचे डंबेलसारखे दोन डोळे असतात. फेकताना ते रॉडवर बसले की नजरेला न दिसणारा टवका उडतो, आणि महिनाभरानं कुठल्यातरी भलत्याच दिवशी तिथूनच टक् करून तुटतो. मासा लागल्यावर मोडलाच तर तो शेवटच्या मिनिटाला. मासा काठाशी येतो, माणूस हुरळतो, रॉड उभा करून डोक्यामागे झुकवतो, आणि सगळा बाक शेंड्याच्या पातळ फूट-दीड फुटात गोळा होतो. मित्राला एवढं एकच शिकवा: मासा पायाशी आला की रॉड आडवा ठेव आणि जाळी पुढे कर.

दुसरं, नुसता रॉड देऊ नका, रील आणि लाइनसकट द्या. आपण फेकतो ते लाइनचं वजन, माशीला वजन असून नसल्यासारखं. म्हणूनच १९६१ साली अमेरिकेतल्या उत्पादकांनी लाइनच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून नंबर ठरवले. पाच नंबर म्हणजे १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम. आठ नंबर म्हणजे २१० ग्रेन. मित्र कुणाकडून तरी आठ नंबरची लाइन आणणार, तुमच्या पाच नंबरवर चढवणार, आणि वर तुम्हालाच सांगणार की तुझा रॉड लिबलिबीत आहे.

लाइनच्या टोकाला टिपेट, म्हणजे माशी बांधायचा पारदर्शक धागा, बारीकच लावून द्या. टिपेटच्या आकड्याचा हिशेब उलटा आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल तितके इंचाचे हजारांश भाग ही त्याची जाडी. ४ एक्स म्हणजे ७ हजारांश, साधारण ०.१८ मिलिमीटर. घरातल्या फ्यूजचं काम त्याच्याकडे असतं. कुणी जायचंच असेल तर आधी त्यानं जावं, रॉडनं नव्हे.

आता खरं सांगायचं तर कार्पसाठी पाच नंबर तोकडाच. पाच किलोचा कार्प कालव्यात सुटला की हलक्या रॉडवर तो बराच वेळ हाती लागत नाही, आणि लागतो तेव्हा पार दमून गेलेला असतो. सोडून दिला तरी जगेलच असं नाही. सहा ते आठ नंबरचा रॉड हवा. टाळायचंच असेल तर हे कारण सांगा, निदान ती थाप ठरणार नाही.

पण तुमच्या प्रश्नाचा रोख रॉडवर नाहीच, असं मला वाटतं.

ज्या मित्राचा रॉड मी मोडला, त्याची आणि माझी ओळखच एका अडकलेल्या जॉइंटमुळे झाली. रॉडचा एक तुकडा दुसऱ्यात बसतो त्या जागेला फेरूल म्हणतात, आम्ही जॉइंटच म्हणतो. कालव्याच्या पायऱ्यांवर दिवेलागणीची वेळ, माझा जॉइंट अडकलेला, आणि शेवटची बस यायला वीस मिनिटं. जोडलेला नऊ फुटी रॉड घेऊन बसमध्ये कोण चढू देणार? मी पिळत होतो, ओढत होतो, शर्टाच्या टोकात धरून बघत होतो. मागून आवाज आला, "गाइडला धरून पिळू नका, उपटून येईल हातात." (गाइड म्हणजे रॉडवरच्या कड्या, त्यांतून लाइन जाते.) बघितलं तर इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग. म्हटलं, आला एक सल्ला देणारा.

तो समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, तुमचा एक हात जॉइंटच्या या बाजूला ठेवा, दुसरा त्या बाजूला. मग त्यानं आपलेही दोन हात तसेच ठेवले, एक इकडे, एक तिकडे. एका काडीवर चार मुठी, माझी, त्याची, माझी, त्याची. असं धरलं की ओढताना काडी वाकत नाही, जोर सरळ रेषेतच लागतो. त्याच्या अंगठ्याला शाई होती आणि तळहात माझ्यासारखेच ओले. "तीन म्हटल्यावर." तीन म्हणायच्या आतच बाटलीचं बूच निघावं तसा पुक् आवाज झाला आणि आम्ही दोघं एकेक पायरी मागे गेलो.

मग त्यानं बॅगेतून स्वतःचं हत्यार काढून दाखवलं. जपानी पद्धतीचा तेनकारा रॉड, मिटला की हातभरही नाही, उघडला की बारा फूट. त्याला रील नसतं, लाइन थेट शेंड्याला बांधायची. ऑफिसला जाण्याआधी चाळीस मिनिटं पाण्यावर, मग तोंड धुऊन कामावर. शहरातल्या माणसानं मासेमारी करावी ती अशी, हे मी त्या दिवशी शिकलो.

तेनकारा त्याचा रोजचा. मोठ्या पाण्यासाठी त्याच्याकडे आणखी एक चार नंबरचा रॉड होता, त्यावर मी फेकायला शिकलो. बागेच्या हिरवळीवर, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. लोक विचारायचे, इथं मासे लागतात का? तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, आज काही खास नाही. हात मागे जाऊन थांबला पाहिजे, लाइन मागे पूर्ण उलगडली पाहिजे, मगच पुढे. मला थांबणंच जमायचं नाही. दोन महिने लाइनला आपोआप गाठी पडत होत्या. त्यांना वाऱ्याच्या गाठी म्हणतात, पण त्यात वाऱ्याचा काही दोष नसतो.

कालव्यावर तर मागे रस्ताच. सायकली, पळणारी माणसं, बाबागाड्या. म्हणून एक जण फेकायचा आणि दुसरा पाण्याकडे पाठ करून उभा राहायचा. कुणी येत असलं की "आहे", रस्ता रिकामा झाला की "मोकळं". दोनच शब्द. कित्येक रविवारी आम्ही याहून जास्त बोललोच नाही. एकटा असलो की रोल कास्ट करतो, त्यात लाइन मागे उडतच नाही, पण लांबही जात नाही. गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीनं आधीच दाबून टाकलेले, म्हणजे कुणाच्या कानात घुसलाच तर निघेल तरी. तुमच्या मित्रालाही काटा दाबायला सांगा, आणि वर विजेच्या तारा असतील तिथे रॉड जोडूसुद्धा नको म्हणावं. कार्बनमधून वीज जाते.

सामानाचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही. त्याची नखकात्री माझ्या गळ्यात, माझा रीलचा सुटा स्पूल त्याच्या बॅगेत. माशी घेतली तर परत करायचीच नसते, ती झाडाला नाहीतर माशाला द्यायची. जाळी नक्की कुणाची होती ते आता दोघांनाही आठवत नाही.

आणि मग मी त्याचा चार नंबरचा रॉड मोडला.

एका रविवारी तो येणार नव्हता, मी रॉड मागून घेतला. पुलाखाली पाण्यात एक बुडालेली सायकल आहे, तिच्या चाकाच्या तारांत माशी अडकली. अशा वेळी काय करायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: रॉड सरळ अडकलेल्या जागेकडे रोखायचा, लाइन मुठीत घट्ट धरायची आणि मागे चालत जायचं. माशी सुटते, नाहीतर टिपेट तुटतं. मला हे ठाऊक होतं. तरी मी रॉड वर उचलून हिसका दिला. का, तर ती माशी मी स्वतः बांधलेली पहिली बरी माशी होती. रॉड जॉइंटच्या वर वीतभर अंतरावर मोडला. आवाज अगदी बारीक, सुकी काटकी मोडावी तसा. मोडल्या जागी केसांसारखे काळे तंतू उभे राहिले होते, आणि शेंड्याचा तुकडा लाइनवरून घसरत सावकाश पाण्यात गेला. मासा नाही, काही नाही. सायकल.

इथपर्यंत कुणाच्याही हातून होईल. पुढचं मी केलं ते वाईट. तीन आठवडे मी त्याला सांगितलंच नाही. मनात बेत असा की नवा शेंडा मागवू, बसवू, त्याला कळणारही नाही. पण ते मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलेलं, सुटा तुकडा मिळेना. शेवटचे दोन-चार इंच गेले असते तर नवं टोकाचं गाइड गरम गोंदानं चिकटवून वेळ मारून नेली असती. रॉड थोडा ताठ होतो, पण चालतो. इतक्या खाली मोडल्यावर त्याचा उपयोग नव्हता. तोवर त्यानं दोनदा रॉड मागितला. एकदा म्हटलं घाईत आहे, एकदा म्हटलं घरी विसरलो. तो बिचारा तेनकारा घेऊन मोठ्या तलावावर गेला आणि रिकाम्या हातानं परत आला.

शेवटी रॉड ठेवायची नळी घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं तुकडे टेबलावर ओळीनं लावले, मोडलेलं टोक बोटानं चाचपलं आणि विचारलं, "सायकल कुठल्या पुलाखाली?" मी सांगितलं. "आणि हे कधी?" तेही सांगितलं. पुलाचं ऐकून त्यानं मान डोलावली होती, तारीख ऐकून नाही.

मग दोन महिने त्याचा फोन नाही. मी नवा रॉड घेऊन देतो म्हणालो तर म्हणे गरज नाही. मला वाटतं, मोडल्याचा राग एका दिवसात गेला असता. दोन महिने लागले ते त्या दोन थापांना.

म्हणून रविवारी देताना मित्राकडून एकच गोष्ट कबूल करून घ्या: काहीही झालं तरी त्याच संध्याकाळी सांगायचं. आणि भरपाईचं आत्ताच बोलून टाका, तोंडावर. बऱ्याच कंपन्यांची हमी फक्त मूळ खरेदीदाराला असते, म्हणजे दुरुस्तीला पाठवणार तुम्ही, खर्च कुणाचा ते आधी ठरलेलं बरं. तुमच्यासाठीही एक अट आहे. मोडलाच तर लगेच "अरे, काही हरकत नाही" म्हणू नका. हरकत असते. आठवडाभर चिडा, त्याला कळू द्या. (रॉड बांबूचा असता तर मी देऊच नका म्हणालो असतो. सहा पट्ट्या तासून, जोडून, चिकटवून केलेली ती वस्तू. त्यावर मैत्री तपासू नये.)

दोन महिन्यांनी माझा जॉइंट पुन्हा अडकला. जॉइंट एकट्यालाही काढता येतो, हे तोवर मला कळलं होतं. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरायचा, हात गुडघ्यांच्या बाहेरून जॉइंटच्या दोन्ही बाजूंना, आणि गुडघे फाकवून हात बाहेर ढकलायचे. दिसतं फार वाईट. पायऱ्यांवर दोन शाळकरी मुलं हसत उभी राहिली, पण जॉइंट निघाला. मी तुकडे हातात धरून जरा वेळ बसलो. मग पुन्हा जोडले, हलकेच, आणि त्याला मेसेज टाकला: "जॉइंट अडकलाय. पायऱ्यांवर आहे."

अर्ध्या तासानं तो आला, तीच बॅग, तोच शर्ट. काही न बोलता समोर उभा राहिला. चार मुठी. तीनपर्यंत मोजायचीही गरज पडली नाही. त्यानं हातातल्या तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हा अडकला नव्हता."

"नव्हता."

त्यानं तुकडा परत माझ्या हातात दिला, म्हणाला जोड पुन्हा, आणि पाण्याकडे पाठ करून उभा राहिला.

तुमच्या रविवारचं राहिलंच. नळी त्याच्यासमोर उघडा, चारही तुकडे मोजून द्या, मोजून परत घ्या. तासाभरानं एकदा सगळे जॉइंट दाबून बघायला सांगा, फेकता फेकता ते सैल होतात. जॉइंटच्या आत जाणाऱ्या टोकाला साध्या मेणबत्तीचं मेण चोळून द्या. त्यानं जॉइंट सैलही पडत नाही आणि अडकतही नाही. मी मात्र अजून लावत नाही.