‘वुड हॅव’ साहेबांनी का खोडलं?

प्रश्न: ताई, माझं शिक्षण मराठी मिडियममध्ये झालंय, आता ऑफिसात मेल इंग्रजीत लिहावे लागतात. परवा मी लिहिलं, ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम’, तर साहेबांनी पहिलं ‘वुड हॅव’ खोडून ‘हॅड’ केलं, कारण काही सांगितलं नाही. फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल, म्हणजे जर-तरच्या वाक्यांचे प्रकार, सगळं पाठ आहे, पण लिहायला बसलं की गोंधळ.

उत्तर: तुमची चूक मराठीतून आलीय. आपण म्हणतो ‘तुम्ही सांगितलं असतं तर मी आलो असतो’, दोन्हीकडे ‘असतं-असतो’, मग इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ टाकावंसं वाटणारच ना! पण इफवाल्या अर्ध्यात ते चालत नाही, तिथे ‘हॅड टोल्ड’, आणि ‘वुड हॅव कम’ फक्त दुसऱ्या अर्ध्यात. (अमेरिकेत बोलताना लोक तुमच्यासारखंच बोलून जातात, पण मेलमध्ये नको.)

आता नंबर विसरा आणि हे बघा, ‘पैसे असते तर गाडी घेतली असती’ हे आत्ताचं की मागच्या दिवाळीचं? मराठीत दोन्ही चालतं, पुढचं-मागचं बोलणं ऐकून आपण समजून घेतो. इंग्रजीत मात्र आधीच ठरवावं लागतं. आत्ता नाहीयेत, तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ कार’. दिवाळीला नव्हते, तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट अ कार’. दोनदा ‘हॅड’ बघून दचकू नका, बरोबर आहे ते. आणि पहिल्या वाक्यातला ‘हॅड’ भूतकाळ नाहीच, ‘पैसे नाहीयेत, नुसती कल्पना चाललीय’ एवढंच तो सांगतो. आपणही ‘उद्या पाऊस आला तर’ म्हणतोच की, उद्याचा पाऊस आणि क्रियापद ‘आला’! इंग्रजीत तिथे साधा वर्तमान, ‘इफ इट रेन्स टुमॉरो, आय वोन्ट कम’. ‘इफ इट विल रेन’ नाही.

आणि एक, ‘देन’ दर वेळी घालू नका. मराठीत ‘जर’ गाळला तरी चालतो पण ‘तर’ लागतोच, इंग्रजीत उलटं, ‘इफ’ हवा, ‘देन’ बहुतेक वेळा नसलेलाच बरा. तुमच्या वाक्यात तो नव्हता, तेवढं आधीच जमलंय.