नव्वद दिवसांचा भत्ता संपत आला, आता पुढे काय?

बेकारी भत्त्याचे दिवस संपत आले आहेत, काम अजून मिळालेले नाही, रात्री झोप लागत नाही, तेव्हा आपल्या डोक्यात काही बिघाड झाला आहे का, असा प्रश्न घेऊन माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. टाळेबंदीच्या वर्षी हा प्रश्न मी सर्वांत जास्त ऐकला आणि आजही एखाद्या कारखान्याने माणसे कमी केली की दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा ऐकू येतो. या काळजीविषयी लिहिताना एका कुटुंबाचा अनुभव मांडते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि पती-पत्नी दोघांचीही लिहिण्यास संमती आहे.

हे गृहस्थ चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मशीन ऑपरेटर होते. वय त्रेचाळीस, नोकरी सहा वर्षांची आणि पगार अठरा हजार. भोसरीत भाड्याच्या दोन खोल्यांत पत्नी, दहावीतला मुलगा आणि वृद्ध आई यांच्यासह ते राहत होते. वाहन उद्योगातील मंदी २०१९ पासूनच जाणवत होती आणि त्या वर्षीच त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला होता. मग टाळेबंदी आली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरले. कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा दोन पाळ्यांची एकच पाळी झाली होती आणि जुलैमध्ये त्यांच्या हातात कामावरून कमी केल्याचे पत्र पडले.

राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे कामगार ज्याला ईएसआय म्हणतात त्या योजनेत, त्यांचा विमा होता. या योजनेच्या अंतर्गत १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना चालते आणि नोकरी गेलेल्या विमाधारकाला तिच्यातून जास्तीत जास्त नव्वद दिवस मदत मिळते. पूर्वी ही मदत सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के होती. २४ मार्च २०२० पासून ती ५० टक्के करण्यात आली आणि अर्जासाठी बेकारीचे नव्वद दिवस भरण्याची अट तीस दिवसांवर आणली गेली. ह्यांच्या बाबतीत दिवसाला तीनशे रुपये, म्हणजे नव्वद दिवसांचे सत्तावीस हजार एवढा हिशेब बसला. २०२० च्या दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले तेव्हा अठरा हजार खात्यात जमा होऊन खर्चही झाले होते आणि शेवटचे नऊ हजार यायचे होते. ही मदत आयुष्यात एकदाच मिळते, हे त्यांना शाखा कार्यालयात अर्ज देतानाच कळले होते.

पहिल्या भेटीत त्यांनी बेकारीविषयी फारसे सांगितलेच नाही. छातीत धडधडते, पहाटे चारला जाग येते, मुलगा काही विचारायला आला की अंगावर ओरडतो, असे ते सांगत राहिले. बोलता बोलता कळले की नोकरी गेल्याचे घरात सर्वांना ठाऊक होते, परंतु भत्ता कधी संपणार हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. काम मिळेपर्यंत सरकार काहीतरी देत राहील, अशी पत्नीची समजूत होती आणि ती त्यांनी तशीच राहू दिली होती. अशी लपवाछपवी मी अनेक घरांत पाहिली आहे. नोकरी गेल्याचे सांगताना माणूस कंपनीकडे किंवा महामारीकडे बोट दाखवू शकतो, पण भत्ता संपल्याचे सांगताना इतक्या दिवसांत आपल्याला काम मिळवता आले नाही, असा अर्थ त्यातून निघेल या भीतीने त्याची जीभ अडखळते.

मी त्यांना प्रथम एवढेच सांगितले की तुमचे मन ठिकाणावर आहे. घरभाडे साडेपाच हजार, दुचाकीचा हप्ता तेवीसशे आणि आईची औषधे चौदाशे, एवढ्यानेच महिन्याचे नऊ हजार दोनशे होतात आणि भत्ता महिन्याला नऊ हजारच येतो. किराणा, वीज, मुलाच्या ऑनलाइन वर्गाचा रिचार्ज यांचा हिशेब अजून धरलेलाही नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट या काळात कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, ती सप्टेंबरपासून संपली होती. अशा स्थितीत ज्याला पहाटे जाग येत नाही त्याचीच काळजी करावी लागेल. आमच्या व्यवसायात काही जण खऱ्या तुटीवरही श्वसनाचे व्यायाम आणि सकारात्मक विचार एवढाच उपाय सांगतात, हे मला मान्य नाही. त्याने माणसाला वाटते की चूक आपल्या विचारांत आहे, आणि आधीच खचलेला माणूस आणखी खचतो.

याच भेटीत त्यांनी एक वाक्य हळू आवाजात उच्चारले. “मॅडम, विम्याची पॉलिसी काढून बघितली परवा. मी नसलो तर निदान ह्यांचं दोन वर्षं भागेल.” असे वाक्य ऐकल्यावर विषय बदलायचा नसतो. जीव देण्याचा विचार मनात येतो का, किती वेळा येतो, काही ठरवले आहे का, हे मी त्यांना सरळ विचारले. विचार येतो, पण ठरवलेले काही नाही, असे त्यांनी सांगितले आणि विचारल्याबद्दल त्यांना राग येण्याऐवजी हायसे वाटल्याचे दिसले. त्यांच्या संमतीने मी त्यांच्या पत्नीशी फोनवर बोलले आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. वाचकांपैकी कोणाच्या घरात असे बोलणे झाले असेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आता उपलब्ध आहे. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते.

दुसऱ्या भेटीला पती-पत्नी दोघे आले. भत्त्याची तारीख त्यांनीच पत्नीला सांगावी, मी सांगणार नाही, असे आधी ठरले होते. त्यांनी ते एका दमात सांगून टाकले आणि मान खाली घातली. पत्नी काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, मला आधी सांगितलं असतं तर मी दिवाळीत माहेरी साडी नेली नसती. भिशीत माझा नंबर मार्चमध्ये आहे, तो अलीकडे मागून घेतला असता. मला काय कळत नाही असं समजता का तुम्ही?” त्यांच्या आवाजात राग होता आणि तो योग्यच होता. पैसे कमी पडणार याचा त्यांना धक्का बसला नव्हता. घरखर्च रोज त्याच चालवत होत्या आणि तेल अर्ध्या लिटरवर त्यांनी कधीच आणले होते. तीन महिने आपल्याला बाजूला ठेवून नवऱ्याने एकट्याने हे ओझे वाहिले, हे त्यांना लागले होते. पुढचा जवळजवळ पाऊण तास त्या रागासाठीच मी मोकळा ठेवला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट बाहेर आली. मोबाइलवरील एका कर्जाच्या ॲपवरून ह्यांनी सात दिवसांच्या मुदतीने सहा हजार घेतले होते, हातात बेचाळीसशेच पडले होते आणि वसुलीचे फोन नातेवाइकांना जाऊ लागले होते. अशा अनधिकृत ॲपपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी २३ डिसेंबरला दिला. पत्नीला त्या दिवशी हे कळले नसते, तर त्या कर्जाची फेड करण्यासाठी दुसरे ॲप शोधले गेले असते, याबद्दल मला शंका नाही.

त्यानंतर आम्ही हिशेबाला बसलो. समुपदेशकाने कायदा सांगू नये असे काहींचे मत आहे. ज्याच्या काळजीचे मूळ पैशात आहे त्याला आपले हक्काचे पैसे कुठे अडकले आहेत हे माहीत नसेल, तर ते विचारणे हा मी माझ्या कामाचाच भाग समजते. ग्रॅच्युइटी निवृत्तीलाच मिळते, अशी ह्यांची समजूत होती. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर नोकरी सुटली की प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळायला हवे होते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून बारा हजार धरले, तर सहा वर्षांचे सुमारे साडेएकेचाळीस हजार होत होते, म्हणजे ज्या भत्त्याच्या समाप्तीने त्यांची झोप उडवली होती त्याच्या दीडपट. कामगार कपातीची भरपाई ही आणखी वेगळी बाब होती. कंपनीने फक्त नोटिशीच्या महिन्याचा पगार दिला होता. या दोन्हींसाठी लेखी अर्ज कसा करायचा, हे समजून घेण्यासाठी मी त्यांना कामगार संघटनेच्या एका जुन्या कार्यकर्त्याकडे पाठवले.

भविष्य निर्वाह निधी पूर्ण काढून टाकावा, असे त्यांच्या मनात होते. इथे मी त्यांना थांबवले. निधीची रक्कम १९ क्रमांकाच्या अर्जाने निघते आणि पेन्शनची रक्कम १०-सी या वेगळ्या अर्जाने. अनेक जण सायबर कॅफेत बसून दोन्ही एकदमच भरून टाकतात. आधीच्या नोकरीतली तीन वर्षे धरून ह्यांची पेन्शनसाठीची सेवा नऊ वर्षांची झाली होती आणि पेन्शनचा हक्क दहा वर्षांनी लागू होतो. गरजेपुरती निधीची रक्कम काढावी आणि पेन्शनला हात लावू नये, असे दोघांनी मिळून ठरवले. भत्त्याच्या काळात ईएसआयचे वैद्यकीय लाभ कुटुंबालाही मिळतात, हेही त्यांच्या लक्षात नव्हते. आईची औषधे ते दुकानातून विकत आणत होते. हे सर्व त्या वर्षीचे नियम आहेत, त्यानंतर निधीचे आणि कामगार कायद्यांचे नियम बदलले आहेत, म्हणून वाचकांनी अर्ज करण्यापूर्वी आपल्या शाखा कार्यालयात विचारून घ्यावे.

हिशेब जमला तरी एक गोष्ट मनातून जात नव्हती. “आयतं खातोय असं वाटतं,” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत. त्यांच्या पगारपत्रकावर दर महिन्याला ईएसआयची कपात होती, २०१९ च्या जूनपर्यंत १.७५ टक्के आणि त्यानंतर ०.७५ टक्के, मालकाचा हिस्सा वेगळा. मी त्यांना जुनी पगारपत्रके आणायला सांगितली आणि त्या कपातीची बेरीज त्यांनाच करायला लावली. स्वतः भरलेल्या विम्यातून येणाऱ्या पैशाला आयते म्हणता येत नाही, हे मी दहा वेळा सांगून पटले नसते ते त्या बेरजेने बरेचसे पटले.

भत्ता आणि मन यांचा संबंध फार पूर्वी अभ्यासला गेला आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावातील कापड गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना आढळले की हाताशी भरपूर वेळ असूनही लोकांचे वाचन कमी झाले, पुरुषांची चालण्याची गतीसुद्धा मंदावली आणि घरातील मदतीची रक्कम जसजशी घटत गेली तसतशी कुटुंबे तग धरण्याकडून हताशेकडे सरकत गेली. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला हे सांगताना माझा हेतू एवढाच होता की त्याची मरगळ त्याच्या स्वभावातून आलेली नाही हे त्याला कळावे. अमेरिकेत २००८ नंतरच्या मंदीत भत्त्याचा काळ नेहमीच्या सव्वीस आठवड्यांवरून काही राज्यांत नव्व्याण्णव आठवड्यांपर्यंत वाढवावा लागला आणि तरीही भत्ता संपून काम न मिळालेले लोक राहिलेच. आपल्याकडे या योजनेत तो काळ नव्वद दिवसांचा, तोही आयुष्यात एकदाच, आणि ईएसआयच्या कक्षेबाहेरच्या कामगारांना तेवढाही नाही. मंदी नव्वद दिवसांत उठत नाही. ही योजनेची मर्यादा आहे आणि ती कामगाराने स्वतःची नालायकी म्हणून अंगावर घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

मारिएनथालच्या त्या निरीक्षणांवरून मी त्यांच्याबरोबर दिवसाचीही आखणी केली. सकाळी पाळीच्या वेळेलाच उठायचे, दुपारपर्यंत कामाच्या शोधात किंवा अर्जांच्या पाठपुराव्यात राहायचे, संध्याकाळी मुलाचे गणित घ्यायचे. आईला दवाखान्यात नेण्याचे काम पत्नीकडून त्यांच्याकडे आले. रोज कोणाकडे चौकशी केली हे वहीत लिहायचे आणि रविवारी ती वही दोघांनी मिळून पाहायची, एवढा एकच नेम मी आग्रहाने लावला, कारण लपवायला जागा राहू नये अशी माझी इच्छा होती.

शेवटचा हप्ता डिसेंबरमध्ये जमा झाला. भिशीतील बायकांनी पत्नीला जानेवारीचा नंबर दिला, त्यातून ॲपचे कर्ज मिटवले आणि ते ॲप फोनमधून काढून टाकले. ग्रॅच्युइटी दोन टप्प्यांत मिळाली, त्यासाठी अनेकदा खेटे घालावे लागले. कामगार कपातीच्या भरपाईचा दावा मात्र रेंगाळला. फेब्रुवारीत त्यांना एका गोदामात साडेतेरा हजारांवर पॅकिंगचे काम मिळाले. मशीनवर काम केलेल्या माणसाला ते मानवायला जड गेले आणि आमच्या पुढच्या भेटी त्याच विषयावर झाल्या. नव्या मालकाकडे जुनाच निर्वाह निधी क्रमांक द्यायचा, हे पत्नीनेच त्यांना पहिल्या दिवशी आठवण करून सांगितले होते, आणि त्यामुळे पेन्शनसाठी राहिलेले दहावे वर्ष त्यांच्या खात्यावर मोजले जाऊ लागले.