लस देऊनही धास्ती वाटते, डुकरांची तपासणी कशी ठेवू?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझ्याकडं यॉर्कशायर जातीच्या १२ माद्या आणि लहानमोठी धरून ७५ डुकरं आहेत. स्वाइन फीवरची लस दरवर्षी टोचतो, पण आसामसारखा आफ्रिकन स्वाइन फीवर आला तर आठवड्यात सगळं संपेल. दर महिन्याला सगळ्यांचं रक्त तपासायचं का? खर्च झेपत नाही हो. (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : दादा, भीती खरीच आहे. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात हा रोग पहिल्यांदा आपल्या देशात सापडला आणि भारतात त्यावर अजून लस नाही. तुम्ही देता ती लस साध्या स्वाइन फीवरची, तिचा आफ्रिकनवाल्याला काडीचा उपयोग नाही, आणि दोन्हीत ताप, कान-पोट लालजांभळं, खाणं बंद असं सगळं सारखंच, त्यामुळं नुसतं बघून मीसुद्धा सांगू शकत नाही, नमुन्यात विषाणू शोधणारी पीसीआर चाचणीच करावी लागते.

पण सगळ्यांचं रक्त दर महिन्याला नको. पैसे जातील आणि आफ्रिकन फीवर त्यात सापडेलच असं नाही, कारण तो आधी आजारी आणि मेलेल्या जनावरात सापडतो. सकाळी खाद्य टाकलं की सगळी गव्हाणीवर तुटून पडतात ना, तेव्हा जे कोपऱ्यात पडून राहतं त्याला आधी थर्मामीटर लावा. १०२-१०३ फॅरेनहाइट ठीक, १०४च्या वर गेलं की वेगळं बांधा, वहीत तारीख-नंबर लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा, जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला, १९६२ला, फोन केला तरी चालतो. मी एका फार्मवर गेलो तेव्हा चौथं डुक्कर मेलं होतं, पहिलं कधी आजारी पडलं ते कोणालाच आठवेना, मधल्या काळात दोन विकलीपण होती. अजून जिवाला लागतं ते.

मेलेलं डुक्कर कापू नका, प्लीज! रक्त सांडलं की विषाणू सगळीकडं जातो. नमुना डॉक्टरच घेतील, पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, आफ्रिकनचा संशय असेल तर खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेत होते.

पीआरआरएसचं, म्हणजे गाभण माद्यांना आणि पिल्लांच्या श्वासाला त्रास देणाऱ्या विषाणूच्या रोगाचं, मात्र वेगळं. शेवटच्या दिवसांत माद्या गाभडायला लागल्या, पिल्लं धापा टाकतायत, तर त्याचा विचार करायचा. तिथं सुती दोरी कामाला येते, डुकरांच्या खांद्याएवढ्या उंचीवर बांधायची, २०-३० मिनिटं ती चघळतात, मग दोरी स्वच्छ पिशवीत पिळून लाळ बर्फात पाठवायची, फक्त लॅब लाळ घेते का ते आधी विचारा. रक्तच घ्यायचं असेल तर ७५ पैकी २३-२५ पुरतात, कळपात दहा टक्के लागण असेल तर त्यात निदान एक तरी सापडायची शक्यता ९५ टक्के असते. सर्कोव्हायरस हा डुकरांचा आणखी एक विषाणू तर बऱ्याच फार्मवर असतोच, तो नुसता सापडला म्हणून घाबरू नका, दूध तोडलेली पिल्लं सुकत चालली असतील तरच बघायचं.

नमुन्यासोबत लसीची तारीख नक्की लिहा, कारण लसीची प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीर रक्तात तयार करतं ती) आणि रोगाची प्रतिपिंडं टेस्टमध्ये वेगळी दिसत नाहीत आणि मग उगाच गोंधळ होतो. आणि हॉटेलचं खरकटं घालत असाल तर ते ९० अंश सेल्सिअसला पूर्ण तासभर, सारखं ढवळत शिजवा, वरवर उकळी आली म्हणून उतरवू नका.