पाल्मेरोवर विश्वास ठेवायचा का?

प्रश्न: अमेरिकन बेसबॉलपटू राफेल पाल्मेरोने स्टेरॉइड कधीच घेतलं नाही असं शपथेवर सांगितलं होतं, मग डोपिंग टेस्टमध्ये सापडला तरी त्याचे चाहते अजून त्याची बाजू घेतात. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: मला नाही पटत त्याचं, आणि हे लिहिताना वाईट वाटतंय, कारण त्याची बॅटिंग खरंच देखणी होती. 17 मार्च 2005 ला अमेरिकन काँग्रेससमोर त्याने बोट रोखून ठणकावून सांगितलं की मी कधीच घेतलेलं नाही, ते बोट अजून डोळ्यासमोर आहे बघा. जुलैमध्ये कारकिर्दीतली 3000 वी हिट (चेंडू मारून बेस गाठणं) झाली, सगळीकडे कौतुक, आणि 1 ऑगस्टला 10 दिवसांची बंदी! सापडलं काय तर स्टॅनोझोलोल. आता हे कृत्रिम स्टेरॉइड आहे, जेवणातून वगैरे चुकून अंगात जाईल असं नाही. तो म्हणाला सहकाऱ्याने दिलेल्या बी-12 च्या इंजेक्शनमध्ये भेसळ असेल, पण बी-12 तर साधं व्हिटॅमिन, त्यात हे आलं कुठून याचं धड उत्तर मिळालंच नाही.

हां, एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. टेस्ट साक्षीनंतरची, मे महिन्यातली होती, त्यामुळे साक्षीच्या दिवशी तो खोटं बोलला हे सिद्ध झालं नाही आणि खटलाही झाला नाही. पण हॉल ऑफ फेमला, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत जायला, 75 टक्के मतं लागतात, याला 2011 मध्ये जेमतेम 11 मिळाली, 2014 मध्ये तर 5 च्याही खाली जाऊन मतदानाच्या यादीतूनच नाव गेलं. 569 होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारलेल्या माणसाचं!