निळी रेषा, लाल रेषा आणि डागा लेआउटचं घर

प्रश्न: सर नमस्कार, नागपूरच्या डागा लेआउटमध्ये नाग नदीपासून पाच-सहा घरं सोडून आमचं बाबांच्या वेळचं घर आहे. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा हॉलमध्ये छातीभर पाणी, फ्रिज तरंगत जाऊन दारात आडवा अडकला, दार उघडेना. आता पाडून नवीन बांधायचंय तर शेजारचे म्हणतात निळ्या रेषेत परमिशन मिळतच नाही, अन् बिल्डर म्हणते दोन फूट भराव टाकू, होऊन जाईल. कोणाचं ऐकू?

उत्तर: भाऊ, दोघंही अर्धवट सांगून राहिले. निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांच्या पुराची. आता 25 वर्षांतून एकदा म्हणजे 2023 ला येऊन गेला, आता 2048 पर्यंत निवांत, असं नाही बाप्पा, दरवर्षी 4 टक्के शक्यता असतेच, पावसाला काय कॅलेंडर कळते का!

राज्याच्या युडीसीपीआर (एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली) नियमात नदीकाठ ते निळी रेषा नवीन बांधकामाला बंदी आहे, बाग, पार्किंग, मोकळी जागा वगैरे चालते. पण जुनं घर अधिकृत असेल तर पुनर्बांधणी होऊ शकते, त्याला जलसंपदा विभागाची एनओसी लागते आणि जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट वर पाहिजे. निळ्या-लाल रेषेच्या मधात असाल तरी दीड फुटाची अट आहेच. म्हणून आधी बाबांच्या वेळचा मंजूर नकाशा शोधा, पेटीत असंल कुठंतरी, सगळं त्याच्यावरच आहे.

बिल्डरची गडबड इथं आहे की तो दोन फूट रस्त्यापासून मोजते, नियम लाल रेषेपासून मोजतो. एनओसीत आरएल लिहून येईल, ते आपलं नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास) प्लॉट नियमित करायचं आरएल लेटर नाही बरं का, ती समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. समजा लाल रेषा 305.20 मीटर, तर जोतं 305.65, मग ते रस्त्यापासून दोन फूट येवो की सहा. सर्व्हेअरकडून तुमच्या प्लॉटची लेव्हल काढून घ्या, मगच बिल्डरला टोकन द्या. अन् पूर्ण प्लॉटवर भराव टाकला तर तुमचं पाणी शेजाऱ्याच्या हॉलमध्ये जाईल, त्यापेक्षा घर खांबांवर उचला अन् खाली पार्किंग ठेवा, फक्त मीटर अन् मोटारीचं पॅनल खाली नका लावू.